‘द युनिकॉर्न अँड द वॉस्प’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या, रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीवरच्या भागाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिल्या दहा उत्तरांत खुनी कोण ते फोडलेलं नाही. अकराव्या प्रश्नापासून पुढे सगळं उघड आहे, म्हणून भाग पाहिला नसेल तर तिथे थांबा आणि पाहून परत या.

१. हा भाग नेमका कोणता? कथा थोडक्यात सांगाल का?

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या २००५ नंतरच्या नव्या पर्वातल्या चौथ्या सीझनचा हा सातवा भाग. पहिलं प्रक्षेपण १७ मे २००८ रोजी झालं. लेखक गॅरेथ रॉबर्ट्स, दिग्दर्शक ग्रॅम हार्पर. डॉक्टरच्या भूमिकेत डेव्हिड टेनंट आणि त्याची सहप्रवासी डोना नोबल म्हणून कॅथरीन टेट.

डॉक्टर आणि डोना १९२६ सालच्या इंग्लंडमध्ये एका हवेलीत उतरतात. लेडी एडिसनकडे बागेत पार्टी चालू आहे आणि पाहुण्यांमध्ये आहे छत्तीस वर्षांची अगाथा ख्रिस्ती. थोड्याच वेळात हवेलीच्या लायब्ररीत प्रोफेसर पीचचं प्रेत सापडतं. ‘युनिकॉर्न’ या टोपणनावाचा दागिनेचोर त्या भागात फिरतोय अशी कुजबुज आहे. शिवाय माणसाएवढी, किंबहुना त्याहून मोठी गांधीलमाशी घरात वावरते आहे. शीर्षकातले दोघं हेच.

२. मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. थेट हाच पाहिला तर समजेल का?

समजेल. तीन गोष्टी माहीत असल्या की पुरे. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून प्रवास करणारा माणूस आहे. त्याचं यान, म्हणजे टार्डिस, बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसतं. आणि डोना ही लंडनच्या चिझिक भागातली साधी नोकरदार बाई आहे, तिच्या लग्नाच्या दिवशी नवरदेवाने तिचा घात केला होता. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. डोना आणि अगाथा बागेत बसून बोलतात तो प्रसंग त्याशिवाय निम्माच पोचतो (प्रश्न १९ पाहा).

३. लहान मुलांबरोबर पाहता येईल का?

येईल. खून होतात, पण रक्तपात दाखवलेला नाही. गांधीलमाशीला घाबरणाऱ्या मुलाला मात्र आधी सांगून ठेवा, कारण ती बंद दारातून नांगी आरपार खुपसते. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं एकदम रमतात, असा माझा अनुभव.

४. अगाथाचं काम कोणी केलंय? खरी अगाथा तशी होती का?

फेनेला वुलगरने. ‘ब्राइट यंग थिंग्ज’ या २००३ च्या चित्रपटात ती आणि टेनंट एकत्र होते आणि तिचं नाव टेनंटनेच सुचवलं. निवड फार अचूक आहे. तिची अगाथा संकोची आहे, शिष्ट आहे, आणि तिची नजर मात्र कुठलीच गोष्ट सोडत नाही. डोनाच्या बोटात अंगठी नाही हे ती पहिल्या मिनिटातच टिपते.

एक प्रसंग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. प्रेत सापडल्यावर डॉक्टर जमिनीवर पालथा पडून पुरावे शोधतो आणि त्याला त्यात चक्क मजा येत असते. तोवर अगाथाने शेकोटीतून अर्धवट जळालेला कागदाचा कपटा उचललेला असतो. ती त्याला सुनावते, की सभोवती अनर्थ घडत असताना मजा करणं हे पुरुषांनाच जमतं. डॉक्टर लगेच माफी मागतो. तिच्या स्वरात राग कमी आणि थकवा जास्त आहे. ज्या बाईचा नवरा त्याच सुमारास दुसरीकडे गेलेला आहे, तिच्या तोंडी ते वाक्य वेगळंच वजन घेऊन येतं.

५. अगाथा ख्रिस्ती खरंच बेपत्ता झाली होती का?

हो, आणि ही कथा उभी आहे तीच मुळी त्या सत्यावर.

१९२६ हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वर्ष. एप्रिलमध्ये आई गेली. ऑगस्टमध्ये नवरा आर्ची ख्रिस्ती याने नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर आपलं प्रेम असल्याचं सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरला नवराबायकोत भांडण झालं, आर्ची घराबाहेर पडला आणि त्या रात्री सात वर्षांच्या मुलीला, रोझलिंडला, घरी झोपलेली ठेवून अगाथा आपल्या मोटारीतून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरे परगण्यातल्या न्यूलँड्स कॉर्नर या ठिकाणी तिची मॉरिस काउली गाडी उतारावर सोडून दिलेली सापडली. आत फरचा कोट तसाच होता.

मग शोध सुरू झाला. पोलीस, हजारो स्वयंसेवक, कुत्री, विमानंसुद्धा. जवळच्या सायलेंट पूल या तळ्यातही शोध घेतला गेला. आर्थर कॉनन डॉयल त्या काळात परलोकविद्येच्या पूर्ण आहारी गेलेले होते. त्यांनी अगाथाचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या एका माध्यमाकडे नेऊन दाखवला. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स स्वतः ती जागा पाहून आली. वर्तमानपत्रांनी तर रान उठवलं. नवऱ्यावर खुनाचा संशय घेण्यापर्यंत मजल गेली.

१४ डिसेंबरला ती यॉर्कशायरमधल्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. नोंदवहीत नाव होतं मिसेस टेरेसा नील, केपटाउन. आडनाव नवऱ्याच्या प्रेयसीचं! तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. काहींनी तो प्रसिद्धीचा डाव म्हटलं, काहींनी नवऱ्याला धडा शिकवण्याचा बेत. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. तिच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, त्यात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही.

मालिकेने नेमकी ही मोकळी जागा घेतली आहे.

६. मालिकेत दाखवलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं यात फरक काय?

मुख्य फरक तीन. पहिला, खरी अगाथा स्वतःच्या घरून गेली. कुठल्या हवेलीतल्या पार्टीतून नव्हे. दुसरा, गाडी सापडली ती न्यूलँड्स कॉर्नरला. मालिकेत ती थेट सायलेंट पूलच्या काठावर आहे. दोन्ही जागा एकमेकींपासून फार लांब नाहीत, त्यामुळे ही सवलत मला खटकत नाही. तिसरा, त्या हवेलीतला एकही पाहुणा खरा नाही. लेडी एडिसन, कर्नल ह्यू, प्रोफेसर पीच, पाद्री गोलाइटली, रॉबिना रेडमंड ही सगळी लेखकाची निर्मिती.

हॅरोगेट, मोडत चाललेला संसार, हरवलेली स्मृती आणि पुढे कायम पाळलेलं मौन हे सगळं मात्र खऱ्याला धरून आहे.

७. गोष्ट डिसेंबरमधली आहे ना? मग बागेत ऊन आणि हिरवळ कशी?

बरोबर पकडलंत. वर्तमानपत्रावरची तारीख पाहून डॉक्टर म्हणतो, की अगाथा नाहीशी झाली तो हाच दिवस. म्हणजे महिना डिसेंबर. पण चित्रीकरण उन्हाळ्यातलं आहे, वेल्समधल्या लॅन्सॅनर कोर्ट या जुन्या वाड्यात. इंग्लंडच्या डिसेंबरात दुपारी चारला काळोख पडतो, तिथे उघड्यावर थंड सरबतं घेत कोणी बसत नाही. ही चूक आहेच, आणि तिच्यावर पांघरूण घालायची गरज नाही. अगाथाच्या कथांमधली उन्हातली हवेली दाखवायची हौस निर्मात्यांना भारी पडली.

८. संवादांत तिच्या पुस्तकांची नावं लपवली आहेत म्हणतात. कोणती?

बरीच आहेत आणि शोधण्यातच गंमत आहे, म्हणून सगळी सांगत नाही. लायब्ररीत प्रेत सापडल्यावर येणारं ‘द बॉडी इन द लायब्ररी’ सगळ्यांनाच ऐकू येतं. जळक्या कपट्यावरचं पहिलं अक्षर कोणतं यावरून येणारं ‘एन ऑर एम’ त्याहून हुशारीने पेरलंय. ‘दे डू इट विथ मिरर्स’, ‘कॅट अमंग द पिजन्स’, ‘स्पार्कलिंग सायनाईड’ हीसुद्धा कान देऊन ऐकलं तर सापडतील. माझ्या मते सर्वांत सुरेख बेतलेलं आहे ‘टेकन अॅट द फ्लड’, पण ते कुठे येतं हे सांगायला रहस्य फोडावं लागेल (प्रश्न १३).

प्रोफेसर पीचचा लायब्ररीत शिशाच्या पाइपने झालेला खून हा ‘क्लुडो’ या बैठ्या खेळाला केलेला सलाम आहे. तो खेळ बाजारात आला १९४९ मध्ये, म्हणून तो संदर्भ फक्त डोनालाच लागतो.

९. लेडी एडिसनचं काम करणारी नटी भारतात वाढली हे खरं का?

अगदी खरं. ती फेलिसिटी केंडल. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल यांची ‘शेक्सपिअराना’ ही फिरती नाटक कंपनी होती. शाळा, संस्थानिकांचे राजवाडे, गावोगावची सभागृहं अशी ती मंडळी शेक्सपिअरची नाटकं घेऊन भारतभर फिरली आणि फेलिसिटी त्या फिरस्तीतच लहानाची मोठी झाली. या कुटुंबाच्या अनुभवांवर बेतलेल्या ‘शेक्सपिअरवाला’ (१९६५) या चित्रपटात तिची मुख्य भूमिका होती. त्याला संगीत सत्यजित राय यांचं.

तिची थोरली बहीण म्हणजे जेनिफर केंडल, शशी कपूरची पत्नी. जुहूचं पृथ्वी थिएटर या नवराबायकोने उभं केलं आणि ते नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू झालं. मुंबईत मराठी प्रायोगिक नाटक पाहणाऱ्या कितीतरी प्रेक्षकांनी त्या रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी चढत जाणाऱ्या बाकांवर बसून प्रयोग पाहिलेत. तेव्हा दिल्लीच्या आठवणीने डोळे भरून येणारी लेडी एडिसन पडद्यावर दिसते, तेव्हा त्या भूमिकेत ही बाई असणं मला फार मोलाचं वाटतं.

‘डॉक्टर हू’शी भारताचं नातं याहूनही जुनं आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये दाखवलेली मालिकेची अगदी पहिली कथा दिग्दर्शित केली ती लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेनने.

१०. म्हातारपणीच्या अगाथाचे प्रसंग चित्रित झाले होते, ते कुठे गेले?

कापले. वृद्ध अगाथा त्या विसरलेल्या दिवसांचा माग घेते आहे, अशी सुरुवात आणि असाच शेवट चित्रित झाला होता. त्या भूमिकेत डॅफ्नी ऑक्सनफर्ड होत्या. काढले ते उत्तम केलं. ती जिवंत राहते आणि म्हातारी होते हे आधीच दाखवलं असतं, तर तळ्याकाठच्या प्रसंगातली भीती उरली नसती.

याच भागाबद्दल आणखी एक विचारलं जातं: हो, मागे वावरणाऱ्या नोकरांमध्ये टेनंटचे वडील आहेत.

११. (इथून पुढे रहस्य उघड) खुनी कोण आणि त्याने खून का केले?

पाद्री अर्नोल्ड गोलाइटली. तो माणसाच्या रूपात वाढलेला व्हेस्पिफॉर्म आहे, म्हणजे गांधीलमाशीच्या जातीचा परग्रहवासी, आणि लेडी एडिसनने जन्मतःच अनाथालयात सोडलेला मुलगा. आपण कोण हे त्यालाही चाळीस वर्षं माहीत नव्हतं. एका गुरुवारी रात्री त्याच्या चर्चमध्ये चोर शिरतात, त्याचा संताप अनावर होतो आणि आतलं रूप जागं होतं.

मग ज्यांना ज्यांना त्याच्या जन्माचं रहस्य ठाऊक आहे किंवा कळू शकतं, ते एकेक करून मरतात: कागदपत्रं धुंडाळणारा प्रोफेसर, सगळं जाणणारी मिस चंद्रकला. आणि मग लेडी एडिसनचा औरस मुलगा रॉजर. युनिकॉर्न वेगळा. ती रॉबिना रेडमंड, निव्वळ चोर. खुनांशी तिचा काही संबंध नाही.

१२. पण परग्रहावरची गांधीलमाशी अगाथाच्या कादंबरीसारखेच खून का करते? हे ओढूनताणून नाही का?

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो. मला तर हीच या कथेतली सर्वांत चांगली कल्पना वाटते.

लेडी एडिसनच्या गळ्यातलं जांभळं रत्न, फायरस्टोन, हा केवळ दागिना नाही. मुलाच्या मनाशी जोडलेला तो एक प्रकारचा साठा आहे. त्याच गुरुवारी रात्री ती गळ्यात रत्न घालून आपली आवडती कादंबरी वाचत बसलेली असते: ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’. मुलगा जागा होतो त्याच क्षणी आईच्या मनातलं सगळं त्याच्यात उतरतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःची ओळख मिळते, ती एका खूनकथेत गुंडाळलेली. जग असंच चालतं अशी त्याची समजूत होते. हवेली, पाहुणे, एकामागून एक प्रेतं.

म्हणजे अगाथाचं लिखाण इथे शोभेला आणलेलं नाही, ते कथेचं कारणच आहे. ऐतिहासिक व्यक्ती आणून तिला नुसतं मिरवणाऱ्या कथांपेक्षा ही वेगळी ठरते ती यामुळे.

१३. दिल्लीच्या प्रसंगात नेमकं काय घडलं? आणि मिस चंद्रकला कोण?

१८८५ मध्ये तरुण क्लेमन्सी एडिसन दिल्लीत असते. आकाशातून जांभळ्या प्रकाशाचा लोळ उतरताना तिला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ख्रिस्टोफर नावाचा देखणा पुरुष भेटतो. आपण कोण आहोत हे तो तिला सांगतो, तरी ती त्याच्यावर प्रेम करते. त्या वर्षीच्या मोठ्या पावसात यमुना पात्र सोडते आणि तो वाहून जातो. ‘टेकन अॅट द फ्लड’ येतं ते इथे. पोटात मूल घेऊन ती इंग्लंडला परतते, हिवताप झाल्याचं सांगून सहा महिने खोलीत कोंडून घेते आणि मूल अनाथालयात देऊन टाकते. लग्नाआधीच्या मुलाची लाज, आणि तेही अशा मुलाची.

मिस चंद्रकला (लीना धिंग्रा) तिच्याबरोबर भारतातून आलेली, तिची एकमेव राजदार. गच्चीवरून दगडी शिल्प अंगावर पडून ती मरते. मरताना तिच्या तोंडी मोजकेच शब्द आहेत, आणि ते स्वतःबद्दल नाहीत, त्या बिचाऱ्या लेकराबद्दल आहेत.

इथे माझी तक्रार आहे. चाळीस वर्षं परक्या देशात दुसऱ्या बाईचं गुपित सांभाळणाऱ्या या बाईला कथेने जेमतेम काही मिनिटं दिली. ती दिल्लीहून का निघाली, मागे कोण सोडून आली, काहीच कळत नाही. दिल्लीसुद्धा दिसते ती पिवळट रंगातली, इंग्रज बाईच्या आठवणीपुरती. लीना धिंग्राच्या त्या शेवटच्या शब्दांत जी माया आहे, तिने बरंच भरून काढलं आहे, पण लेखकाने तिला अधिक द्यायला हवं होतं.

१४. रॉजर मेल्यावर नोकर डेव्हनपोर्ट गप्प का उभा राहतो?

कारण त्याला रडायची सोय नाही. रॉजर आणि डेव्हनपोर्ट यांचं एकमेकांवर प्रेम होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधले असे संबंध १९६७ पर्यंत कायद्याने गुन्हा होते. जेवणाच्या टेबलावर रॉजर मरून पडतो आणि डेव्हनपोर्ट नोकर म्हणून भिंतीपाशी उभा राहतो. डोनाच्या ते लक्षात येतं आणि ती बोलून दाखवते. कथेतला हा सर्वांत छोटा धागा आहे, पण मला सर्वांत जास्त लागलेला.

१५. डॉक्टरला सायनाईड देतात तेव्हा तो जिंजर बिअर, अक्रोड आणि खारवलेले मासे खाऊन वाचतो. यात काही तथ्य?

माणसासाठी काडीचंही नाही. डॉक्टरचं शरीर वेगळं आहे, आणि प्रसंग हसवण्यासाठी आहे: तो हातवारे करून पदार्थ मागतो, डोना भलतंच समजते, आणि शेवटी हवा असलेला ‘धक्का’ ती चुंबन घेऊन देते. खऱ्या आयुष्यात सायनाईडच्या विषबाधेवर इस्पितळातले तातडीचे उपचार हाच एक मार्ग.

अगाथा मात्र वासावरून विष ओळखते, ते पटण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं आणि त्यासाठीची परीक्षाही दिली होती. विषांची तिच्या कथांमधली अचूकता तिथून आली.

१६. डोना अगाथासमोर मिस मार्पलचं नाव घेते. मग मार्पल कोणाची कल्पना? डॉक्टरने इतिहास बदलला का?

डिसेंबर १९२६ पर्यंत अगाथाच्या सहा कादंबऱ्या आल्या होत्या. तिच्या कथांमधला गुप्तहेर पॉइरो होता; गुन्ह्यांचा छडा लावणारी म्हातारी मिस मार्पल नव्हती. ती पहिल्यांदा छापून आली डिसेंबर १९२७ मध्ये एका लघुकथेत, आणि कादंबरीत १९३० मध्ये. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ १९३४ चं. डोना ही दोन्ही नावं बोलून जाते आणि अगाथाला ती आवडतात.

म्हणजे अगाथाने ती डोनाकडून घेतली आणि डोनाने अगाथाच्या पुस्तकांतून. कल्पनेला उगमच नाही. काळप्रवासाच्या कथांमध्ये असं वेटोळं नेहमी येतं आणि मालिका ते हसण्यावारी नेते. काटेकोर पाहायचं, तर अगाथाची स्मृती शेवटी पुसली जाते, त्यामुळे इतिहास बदललेला नाही. जे घडलं म्हणून आपल्याला माहीत आहे, ते तसंच घडतं. उरतं ते मनाच्या तळाशी साचलेलं थोडंसं (प्रश्न १८).

१७. कर्नल ह्यू चालू शकत असताना चाकाच्या खुर्चीत का बसून असतो?

बायको, म्हणजे लेडी एडिसन, सोडून जाईल या भीतीने. दुखणेकरी नवऱ्याला ती टाकणार नाही, असा त्याचा हिशेब. अगाथा सर्वांना एकत्र बसवून उलगडा करत असते, तेव्हा आपलं बिंग फुटलंच असं समजून तो स्वतःच उठून उभा राहतो. ती तर त्याला निर्दोष ठरवणार होती! क्रिस्टोफर बेंजामिन यांनी हे लोभसपणे केलंय. ते याच मालिकेत १९७० आणि १९७७ मध्येही दिसले होते.

१८. शेवटी डॉक्टर पेटीतून काढतो ते पुस्तक खरं आहे का?

पुस्तक खरं, प्रत काल्पनिक. ‘डेथ इन द क्लाउड्स’ ही १९३५ ची कादंबरी. विमानात खून होतो आणि केबिनमध्ये गांधीलमाशी घोंगावत असते. जुन्या पेपरबॅक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्रकार टॉम अॅडम्सने खरोखरच भली मोठी गांधीलमाशी रंगवली होती. डॉक्टरकडची प्रत मात्र पाच अब्जाव्या वर्षी छापलेली.

तळ्याकाठी गांधीलमाशी आणि अगाथा रत्नामुळे एकमेकींशी जोडलेल्या असतात. डोना रत्न पाण्यात फेकते, माशी त्यामागे झेपावून बुडते, आणि बुडताना अगाथाला मोकळी करते. त्या धक्क्यात तिची स्मृती जाते. तरी काहीतरी राहून जातं, आणि नऊ वर्षांनी ते एका कथेत उतरतं, अशी मालिकेची मांडणी. पाच अब्जाव्या वर्षीही तिला लोक वाचत असतील हे डोनाला दाखवायला डॉक्टर ती प्रत उघडतो.

१९. एका खऱ्या बाईच्या आयुष्यातलं दुःख घेऊन त्यात गांधीलमाशी घालणं योग्य आहे का?

हा प्रश्न थोडे लोक विचारतात, पण विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

१९२६ मध्ये वर्तमानपत्रांनी तिच्याशी जे केलं ते निर्दय होतं. आई गेलेली, नवरा जाण्याच्या बेतात, मनाचा तोल सुटलेला, आणि देशभरात तिच्याबद्दल तर्ककुतर्क. सापडल्यावर तर ढोंगी ठरवलं. त्यानंतर तिने आयुष्यभर वार्ताहरांपासून अंतर राखलं, आणि तो तिचा हक्क होता. आजही तिच्यावर लिहिताना ‘तिने मुद्दाम केलं की नाही’ याचाच कीस पाडला जातो.

या भागाने तो कीस पाडला नाही. गांधीलमाशीचं स्पष्टीकरण इतकं उघडउघड अशक्य आहे, की ते खरं मानायची कोणावर वेळ येत नाही आणि तिच्यावर कुठला आरोपही होत नाही. त्याआड ते जे करतात ते महत्त्वाचं. बागेत अगाथा डोनाला सांगते, की नवऱ्याचं दुसरीकडे जमलंय. आपलं लिखाणही काही थोर नाही, आपल्याहून चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. डोना तिची समजूत काढायला उपदेश करत नाही. स्वतःच्या नवरदेवाने दिलेला दगा सांगते, एका राक्षसी कोळिणीसकट. मग अगाथाची नजर चुरगळलेल्या फुलांच्या वाफ्याकडे जाते, त्यात दडवलेली चोराच्या हत्यारांची पेटी तिला सापडते आणि ती पुन्हा कामाला लागते. दुःख बाजूला सरत नाही, पण तिची बुद्धी त्याहून लवकर उठून उभी राहते.

पुढे ती डॉक्टरलाच बजावते, की आपण कथा लिहितो, डिटेक्टिव्ह नाही. तो तिला माणसांच्या मनाची पारख असलेली बाई म्हणून उभं करतो आणि उलगडा तिच्याकडून करवून घेतो. खऱ्या आयुष्यात त्या अकरा दिवसांत तिच्याशी असं कोणी बोललं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. म्हणून माझं उत्तर: हो, योग्य आहे.

२०. मालिकेत आणखी कोणते लेखक येऊन गेलेत?

चार्ल्स डिकन्स (‘द अनक्वाएट डेड’, २००५, सायमन कॅलो), शेक्सपिअर (‘द शेक्सपिअर कोड’, २००७), मेरी शेली (‘द हाँटिंग ऑफ व्हिला डायोडाटी’, २०२०). जुन्या पर्वात एच. जी. वेल्स (‘टाइमलॅश’, १९८५). डोना म्हणते, की अगाथाभोवती खून पडणं म्हणजे नाताळात भुतांच्या गराड्यात डिकन्स भेटण्यासारखं झालं, आणि डॉक्टर गडबडतो. तो उल्लेख २००५ च्या भागाचा. अगाथानंतर पाहायचाच असेल तर डिकन्सचा पाहा. मृत्यूच्या सहा महिने आधीचा, थकलेला डिकन्स तिथे भेटतो.

२१. हा भाग पाहून अगाथा वाचावीशी वाटली. सुरुवात कुठून करू?

‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’पासून. लेडी एडिसन त्या रात्री हीच वाचत होती, आणि जून १९२६ मध्ये, म्हणजे सगळं कोसळण्याच्या सहा महिने आधी, ती प्रसिद्ध झाली. शेवट कोणालाही विचारू नका, पुस्तकाची शेवटची पानं चाळू नका. मग ‘डेथ इन द क्लाउड्स’, आणि मिस मार्पलसाठी ‘द मर्डर अॅट द व्हिकरेज’. अगाथाचे मराठी अनुवादही मिळतात. इंग्रजीची सवय नसेल तर खुशाल तिथून सुरू करा, कोडं तेवढंच पक्कं राहतं.